भूकंपानंतर वसलेल्या गावात जुन्या गावाचं संग्रहालय करायचंय. सुरुवात कुठून करू?

ओसरी

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. सासर याच गावातलं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात आमचं जुनं गाव पूर्ण पडलं आणि आता आपण ज्याला गाव म्हणतो ते नव्या जागेवर, सरळ रेषेतल्या रस्त्यांवर उभं आहे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे जिल्हे मिळून अशी ५२ गावं नव्यानं वसवली गेली, त्यातलंच हे एक.

माझ्या वर्गातल्या मुलांना जुनं गाव माहीत नाही. त्यांच्यासाठी ते वेड्या बाभळीचं रान आहे, शेळ्या चारायला जायची जागा. "बाई, तिथं कोण राहत होतं?" असं एका मुलीनं विचारलं. तिचेच आजी-आजोबा तिथं राहत होते, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. घरात कोणी बोलतच नाही. माणसं गेली त्या घरांत तर अजिबातच नाही.

पटसंख्या कमी झाल्यामुळे शाळेची एक खोली रिकामी आहे. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत दोन्हीकडून तोंडी होकार मिळालाय की तिथं जुन्या गावाच्या वस्तू ठेवाव्यात. मी सातवीच्या मुलांना घरोघर पाठवलं आणि जे आलं ते पाहून मलाच धडकी भरली आहे. मोटेचं लाकडी चाक आलंय. तिफणीचं चाडं, म्हणजे पेरताना बी सोडायचं लाकडी भांडं, आलंय. एका वाड्याची चौकट आहे, वर गणेशपट्टी कोरलेली, मलब्यातून काढून तीस वर्षं गोठ्यात टेकवून ठेवलेली. भिंत पडून सपाट झालेला एक तांब्याचा हंडा आहे. निजामाचे चारमिनारवाले हाली पैसे आहेत. एका घरातून कातडी पिशवीभर कागद आले, काही मोडी लिपीत, काही उर्दूत. शेतसारा, खरेदीखतं असं काहीतरी असावं. भूकंपानंतर मिळालेली ओळखपत्रं आहेत, पत्र्याच्या शेडमधले फोटो आहेत. आणि जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर आहे, कडा पावसानं खाल्लेल्या, पण नावं वाचता येतात. हे शाळेचं दप्तर असल्यामुळे मी ते कपाटात कुलूपबंद ठेवलंय.

वस्तूंच्या आधी नकाशा करावा असं मनात होतं. मारुतीच्या देवळात म्हातारी माणसं बसवली, फरशीवर खडूनं वेस काढली, मग पार, आड, गढी, चावडी. लगेच वादावादी सुरू झाली, कुणाची ढाळज, म्हणजे दारातली बैठकीची जागा, कुठं होती यावरून. पण फार छान वाद होता तो. माणसं हसत होती. जुन्या गावाचं नाव काढून कुणी हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. सगळं काढून झाल्यावर लक्षात आलं की गावकुसाबाहेरची वस्ती नकाशावर कुणी काढलेलीच नाही. मग त्या वस्तीतल्या एका आजींना मी स्वतः जाऊन घेऊन आले. त्यांनी आधी त्यांचा आड दाखवला, मग एकेक घर, आणि कोणत्या घरात त्या रात्री कोण झोपलं होतं तेही सांगितलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन उशिरापर्यंत चाललेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास सगळं झालं. देवळात एकदम शांतता पसरली आणि दोन माणसं उठून बाहेर गेली.

तेव्हापासून मला कळत नाहीये की हे संग्रहालय कशाचं करायचं. भूकंपाचं की गावाचं? गाव काही त्या पहाटेच सुरू झालेलं नव्हतं. पण भूकंप वगळून नुसती जाती-उखळं मांडली तर तेही खोटं होईल.

शिवाय अगदी साधे प्रश्न आहेत. लोक वस्तू "घ्या बाई, शाळेला" म्हणून देतात. उद्या माझी बदली झाली तर त्या कुणाच्या? कागदांना हात लावायचा की नाही? एका शेतकरी दादांनी नांगरताना सापडलेले मणी आणि भाजक्या मातीची एक लहानशी मूर्ती आणून दिली, ती ठेवून घेणं कायद्यात बसतं का? आणि जुन्या वेशीजवळ दोन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, आहेत, शेंदूर लावलेले. तरुण मंडळी म्हणतात ट्रॅक्टरनं उचलून शाळेत आणू. मी थांबवून ठेवलंय, पण फार दिवस थांबणार नाहीत.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. निधी नाही. मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत आणि एक खोली आहे.

पांढरीवरचा

ओसरीताई, वीरगळांपासून सुरू करतो, कारण ते आज थांबवायला हवं. वीरगळ हलवू देऊ नका. तो ज्या जागी उभा आहे ती जागा हा त्याचा अर्धा अर्थ असतो. वेशीशी उभा असेल तर बहुधा वेशीवर, गाईगुरं सोडवताना किंवा गावावर चालून आलेल्यांशी लढताना पडलेल्या माणसाची ती आठवण आहे. खालच्या चौकटीत लढाई असते, वर अप्सरा त्याला घेऊन जातात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मुलांना तिथंच घेऊन जा आणि हे खालून वर वाचायला शिकवा. ट्रॅक्टरवाल्या तरुणांना काम द्या: भोवतालची बाभूळ तोडायची, पाणी साचत असेल तर चर काढायचा. शेंदूर लावतात तो लावू द्या, ते गावाचं दैवत आहे. फक्त ऑइलपेंट कुणाला लावू देऊ नका.

आता मणी आणि मातीची मूर्ती. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींसाठी १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आहे, दगड, धातू, भाजकी माती, हस्तिदंत यांच्या मूर्तींची त्यात नोंदणी करावी लागते. हे ऐकून घाबरू नका आणि त्या दादांनाही घाबरवू नका. तहसीलदारांकडे शाळेच्या लेटरहेडवर साधं पत्र द्या: अमुक गट क्रमांकात नांगरणी करताना ह्या वस्तू मिळाल्या, शाळेत सुरक्षित आहेत, पुढचं मार्गदर्शन व्हावं. प्रत पुरातत्त्व विभागाला. पोच घ्या. आणि मुलांना एक गोष्ट बजावून सांगा: वर पडलेलं दिसलं तर जागा दाखवायची, पण खणायचं नाही. पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती, उकरली की तिच्यातला क्रम मोडतो, आणि तो मोडलेला क्रम कुणालाही परत लावता येत नाही.

तुम्ही तेरला जाऊन या, मुलांना घेऊन. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात तगरचं नाव आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथलं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदराला जायचं असं त्यात म्हटलंय. त्या गावात रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होऊन गेले. पाऊस पडून गेला की टेकड्यांवर मणी, नाणी, खापरं, मातीच्या बाहुल्या उघड्या पडायच्या, गावकऱ्यांना शेतात सापडायच्या. लामतुऱ्यांनी त्या आयुष्यभर जमवल्या आणि शेवटी हजारोंनी असलेला तो संग्रह शासनाला देऊन टाकला. आज त्यांच्या नावाचं संग्रहालय तेरमध्येच आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्या ती फार जवळची आहे. रोमन नाण्यांची नक्कल करून केलेल्या मातीच्या टिकल्या आहेत. एवढं सगळं मुंबईला गेलं असतं तर लातूर-धाराशिवच्या पोरांनी कधी पाहिलं असतं? गावची वस्तू गावात राहिली हे मला त्या संग्रहापेक्षाही मोठं वाटतं.

तुमच्या खोलीसाठी माझं सांगणं एकच आहे. कपाटं नंतर, रंगरंगोटी नंतर, उद्घाटन तर फारच नंतर. आधी नोंदवही करा. जाड पुठ्ठ्याची, पानांवर क्रमांक घातलेली, शाईनं लिहिलेली. वस्तू आली की क्रमांक, तारीख, कुणी दिली, मूळ कुणाच्या घरची, घरात कुठं असायची, कशाला वापरायची, कोणत्या हातात असायची, ती कशी वाचली. शेवटच्या तीन गोष्टी मोठमोठ्या संग्रहालयांच्या रजिस्टरातही सापडत नाहीत. मी अशा कामात उभं आयुष्य काढलंय. सुंदर वस्तू पाहिल्या ज्यांच्यापुढे फक्त 'लाकडी, ग्रामीण' एवढंच लिहिलेलं होतं. देणारा माणूस समोर असताना कुणी दोन प्रश्न विचारले नाहीत, आणि आता विचारायला तो माणूस नाही. तुमच्याकडे आज ती माणसं आहेत. तो सपाट हंडा मोजमाप घेऊन ठेवला तर मोडीच्या भावाचं तांबं आहे. कोणत्या भिंतीखाली होता आणि पाणी कोण भरायचं हे लिहिलंत तर तो संग्रहालयातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. आणि कुणी हौसेनं तो ठोकून सरळ करायला निघाला तर हात धरा. तसाच राहू द्या.

चौकटीला वॉर्निश नको. जमिनीवर टेकवू नका, खाली दगड किंवा विटा द्या, वाळवी आधी खालून चढते. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा, बास. नाणी चिंचेनं किंवा राखेनं घासायची नाहीत, कितीही काळी असोत.

अजून एक. माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं कशी बांधायचे ते लिहून घ्या, एखादा जुना गवंडी किंवा सुतार हयात असेल तर त्याच्याकडून. दोन-दोन फुटांहून जाड दगडाच्या भिंती, दगडांमध्ये मातीचा गारा, वर छतावर मातीचाच थर, दरवर्षी थोडी माती वाढत जाणारी. ते ओझं आणि त्या मातीत बसवलेल्या भिंती, यांनीच माणसं मारली. पण आत लाकडी खांब-तुळयांचे खण असलेल्या काही घरांत भिंती बाहेर कोसळल्या आणि लाकडाचा सांगाडा उभा राहिला, त्याखालची माणसं जगली. तुमच्याकडे चौकट आहे, एखादा खांब-तुळईचा जोड मिळाला तर नक्की घ्या. हे मुलांना कळलं तर उद्या ती स्वतःचं घर बांधताना दहा प्रश्न विचारतील.

मोडीवाली

कागदांबद्दल तातडीनं लिहिते. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. स्टेपलर, रबरबँड, काहीही नको. घडी घट्ट बसलेली असेल तर जबरदस्तीनं उलगडू नका, कोपरा तुटतो आणि नेमकी तारीख तिथंच असते. कातडी पिशवीतून बाहेर काढा, सावलीत हवा लागू द्या, मग धुतलेल्या मांजरपाटात बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवा. कसर लागलेले कागद वेगळ्या बांधणीत.

वाचायच्या आधी फोटो काढा. मोबाइल चालेल, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद, कागदाशेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजू. पाठीमागे कोरं दिसलं तरी काढा, शिक्का किंवा शेरा बऱ्याचदा मागेच असतो. मूळ कागद शक्य असेल तर त्या घरालाच परत द्या, खरेदीखतं असतील तर नक्कीच. जमिनीचे कागद शाळेत ठेवून घेतले की भाऊबंदकीत तुम्हाला साक्षीला बोलावतील.

मराठवाड्यात १९४८पर्यंत निजामाचा कारभार, त्यामुळे सरकारी बाजू उर्दूत आणि सावकार-कुळकर्ण्यांची बाजू मोडीत, असं एकाच पिशवीत मिळणं नेहमीचं आहे. रकमा आल्या तर हाली (निजामाचे) की कलदार (इंग्रजांचे) ते बघा, दोन्ही रुपये चालायचे आणि किंमत वेगळी होती. औसा आणि लातूरमध्ये उर्दू शाळा आहेत, तिथल्या शिक्षकांना विचारा. जुनी घसटी उर्दू सगळ्यांना वाचता येईलच असं नाही, पण सुरुवात होईल. मोडीचे फोटो मला पाठवलेत तर मी वाचून देईन.

पाटाशी

ओसरी, मी न्यू जर्सीत राहते आणि इथल्या काउंटीच्या इतिहास संग्रहालयात शनिवारी स्वयंसेवक म्हणून काम करते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, या राज्यात अशा २१ आहेत. संग्रहालय म्हणजे एक जुनं घर, एक पगारी माणूस आणि आम्ही निवृत्तीला आलेल्या बायका. म्हणून तुझं लिहिणं वाचून एकदम आपलं वाटलं.

बदली झाली तर वस्तू कुणाच्या, हा तू विचारलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. इथं वस्तू घेताना एक पानी दानपत्र लिहून घेतात. देणाऱ्याची सही, घेणाऱ्या संस्थेची सही, आणि वस्तू आता संस्थेची झाली, परत मागता येणार नाही हे स्पष्ट. ज्यांना द्यायची नाही पण दाखवायची आहे त्यांच्यासाठी वेगळा कागद, अमुक तारखेपर्यंत उसनी. तुझ्याकडे घेणारी संस्था कोण ते आधी ठरव. तू नाहीस, मुख्याध्यापकही नाहीत. ग्रामपंचायतीचा ग्रामसभेत केलेला ठराव हवा, इतिवृत्तात लिहिलेला. तोंडी होकार पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतो.

क्रमांकाची आमची पद्धत सोपी आहे. आधी वर्ष, मग त्या वर्षातलं कितवं दान, मग त्या दानातली कितवी वस्तू. २०२५.७.३ म्हटलं की सातव्या घराने दिलेली तिसरी वस्तू. एका घरची सगळी चीजवस्तू त्यामुळे कागदावर तरी एकत्र राहते. तुझ्या गावाच्या बाबतीत मला हे फार हवंसं वाटतं.

दुसरं, आमच्याकडे अधूनमधून स्कॅनिंगचा दिवस असतो. लोक घरचे फोटो घेऊन येतात, आम्ही स्कॅन करतो, शेजारी बसून कोण आहे ते विचारतो, मूळ फोटो त्याच वेळी परत. कुणाला काही द्यावं लागत नाही म्हणून लोक येतात. सगळ्यात चांगलं काम मी तिथं होताना पाहिलंय. दोन अनोळखी माणसं एकाच फोटोत आपापला आजोबा शोधतात.

आणि भूकंपाचं किती दाखवायचं याबद्दल. पेनसिल्व्हेनियात केंब्रिया काउंटीत जॉन्सटाउन नावाचं गाव आहे. ३१ मे १८८९ला वरचं धरण फुटलं आणि २,२०९ माणसं गेली. तिथल्या ग्रंथालयाची इमारत पुरात गेली, नवी कार्नेगीच्या पैशातून बांधली, आणि आज त्याच इमारतीत पुराचं संग्रहालय आहे. मी तिथं जाऊन आले. मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यांनी जपलेलं एक लाकडी घर. पुरानंतर लोकांना राहायला तयार सांगाड्याची छोटी घरं आणली होती, त्यांतलं एक. इतकं लहान, इतकं पातळ. त्या घरात उभं राहिल्यावर पुराचा आकडा नव्हे, त्यानंतरचा हिवाळा कळतो. तुमच्या पत्र्याच्या शेडचा एखादा भाग कुणाकडे उरलाय का? गोठ्यावर, कडब्यावर टाकलेला पत्रा असेल. तो घे. माणसं त्यात किती काळ राहिली, उन्हाळ्यात काय करायची, पहिलं बाळंतपण कुठल्या शेडमध्ये झालं हे विचार. पडलेलं गाव आणि नवं गाव यांच्यामधला तो काळ सगळेच विसरतात.

वेशीबाहेर

मी त्याच भागातला, लोहारा तालुका. आता पुण्यात. भूकंपात आई आणि धाकटी बहीण गेली.

एक विनंती आहे बाई. गेलेल्यांचे फोटो विचारल्याशिवाय भिंतीवर लावू नका. त्या वेळी पेपरवाल्यांनी, बाहेरून आलेल्यांनी आमचे फार फोटो काढले. मढ्यांचे, रडणाऱ्या बायांचे. ते फोटो अजून कुठं कुठं दिसतात. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या खोलीत तसला एकही फोटो नसावा.

पण नावं असावीत. सगळी. कच्छमध्ये भूजला स्मृतिवन केलंय तिथं भूकंपात गेलेल्यांची नावं लावली आहेत. तुम्हाला मोठं बांधकाम नको, एक फळा पुरे. घराप्रमाणे, गल्लीप्रमाणे नावं, तुमच्या त्या नकाशावर. गावकुसाबाहेरची सुद्धा. बारशाआधी गेलेल्या लेकरांना नाव नव्हतं, त्यांच्यासाठी आईचं नाव लिहून पुढं 'बाळ' लिहा.

आणि बाई, एक सांगतो. जुन्या गावात आमचं घर भावकीच्या गल्लीत होतं, चुलत्याचं जोतं आमच्या जोत्याला लागून. नव्या गावात जमिनीच्या हिशोबानं घरं दिली, २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट, आकाराप्रमाणे रांगा. भक्कम घरं मिळाली, त्याबद्दल कुणाला बोल लावत नाही. पण चुलता एका टोकाला गेला आणि आम्ही दुसऱ्या. हे कुठंतरी लिहा. दोन नकाशे शेजारी शेजारी लावा, जुन्याचा आणि नव्याचा, आणि एकेका घराला दोरा जोडा. माणूस कुठून कुठं गेला ते पोरांना दिसू द्या.

आमचं गाव तुमचं नाही, पण आईचं जातं माझ्याकडे आहे. फ्लॅटच्या गॅलरीत पडून आहे. तुम्ही घ्याल का?

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन-तीनदा वाचलं सगळं, काही भाग समितीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवला.

वीरगळ जागेवरच राहणार. पांढरीकाका, तुमचं नाव घेऊन सांगितलं तर तरुणांनी ऐकलं, रविवारी बाभूळ काढायला जाणार आहेत. एका जणानं विचारलं की खालून वर वाचायचं म्हणजे कसं, तर मी तिथं फळा घेऊन येईन म्हणाले. तहसीलला पत्र दिलं, पोच घेतली. ते शेतकरी दादा स्वतः बरोबर आले आणि साहेबांना वस्तू कुठं सापडली ते हातवारे करून सांगत होते, फार अभिमानानं.

नोंदवही आणली. पहिली नोंद कुणाची यावर मी विचार करत होते, मुलांनी ठरवलं: त्या आजींचा आड. वस्तू नाहीच ती, पण नोंद केली. कुठं होता, पाणी कसं होतं, कोणत्या महिन्यात आटायचा, दुसऱ्या आडावर त्यांना का जाता येत नव्हतं. हे शेवटचं आजींनी स्वतः सांगितलं, सातवीच्या मुलीनं तसंच्या तसं लिहिलं. समितीतल्या एका सदस्यांना ते वाक्य वहीत नको होतं. मी म्हटलं, ज्यांच्या तोंडचं आहे त्यांनी खोडायला सांगितलं तर खोडू. आजी म्हणाल्या राहू दे.

त्यावरून माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय असं वाटतं. खोली गावाची करायची, आणि गाव म्हणजे सगळं गाव, वेशीच्या आतलं आणि बाहेरचं. भूकंप त्यात येईल, नकाशातल्या घरांवर लिहिलेल्या नावांमधून. वेशीबाहेरदादा, दोऱ्याची कल्पना मुलांना इतकी आवडली की त्यांनी रंग वाटूनही घेतले. फोटोंबद्दल तुमचं म्हणणं ठरावात नियम म्हणून घालते आहे: गेलेल्या व्यक्तीचा फोटो त्या घराच्या लेखी संमतीशिवाय लावायचा नाही. ठराव येत्या ग्रामसभेत मांडतोय.

पाटाशीताई, पत्रा मिळाला! कडब्याच्या गंजीवर होता. आतल्या बाजूला कुणीतरी खिळ्यानं घरातल्या माणसांची नावं ओरखडली आहेत, त्यातलं एक नाव आमच्या पोस्टमनदादांचं, तेव्हा ते दुसरीत होते. तुमच्याकडच्या दानपत्राचा मजकूर मराठीत कसा करावा यात मदत कराल का? 'परत मागता येणार नाही' हे वाक्य म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवताना मला जड जातंय. बहुतेकांकडे जुन्या घरातलं एवढंच काय ते उरलेलं आहे. निम्म्या वस्तू उसन्या म्हणून घेतल्या आणि सणावाराला घरी नेऊ दिल्या तर चालेल का? एका घरची समई अशी आहे, दिवाळीला ती त्यांना हवी आहे, आणि मला त्यांना नाही म्हणायचं नाहीये.

मोडीवालीताई, फोटो काढून झाले, पाठवते. उर्दूसाठी औशाच्या एका शिक्षकांशी बोलणं झालंय.

दादा, जातं नक्की घेऊ. गाव वेगळं असलं तरी नोंदवहीत तुमच्या गावाचं नाव येईल, आईंचं नाव येईल, आणि त्या काय दळायच्या, कोणत्या ओव्या म्हणायच्या ते तुम्ही आठवेल तसं सांगाल तर तेही. कुरिअरनं पाठवू नका, खुंटा तुटेल. उन्हाळी सुट्टीत गावी येणार असाल तर येताना घेऊन या, मुलांना तुमच्याशी बोलायचं आहे.